शंका आली की थांबणारं गेट

चोरखमारा तलावाच्या पाण्यावर आमच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धान पिकायचं, पण त्या मायनरच्या, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याच्या, अगदी शेवटी. वरच्यांच्या बांध्या भरून सांडायच्या तेव्हा माय कोरड्या पाटाकडे बघत उभी असायची. पुढे मी इंजिनिअर झाले, गोंदियाच्या एका कॉलेजात शिकवू लागले. गावागावांत मोबाइल पोचले त्या वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांनी याच मायनरवर पाण्याची पातळी बघून आपोआप उघडझाप करणारं गेट बसवायचं ठरवलं. पाटबंधारेवाल्यांनी एका हंगामापुरती परवानगी दिली.

"मॅडम, पहले मोटर ले लेते हैं, बाकी बाद में देखेंगे," त्यांच्यातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाली. मी नाही म्हटलं. गेटनं काय करायचं, काय कधीच करायचं नाही, आणि ते तसं करतं हे तपासायचं कसं, हे आधी ठरेल. मोटर शेवटी. मुलं नाराज झाली, पण माझ्याबरोबर गावात आली.

गावच्या बुद्धविहारात बैठक घेतली. वरचे म्हणाले, पाऊस आला की गेट बंद व्हायला हवं, नाहीतर बांध फुटतात. शेवटचे म्हणाले, आमच्या पाण्याच्या पाळीत ते बंद होता कामा नये. दोघांचं एकदम कसं साधायचं यातच दुपार गेली. पाळीत पाऊस आलाच तर गेट अर्ध्यावर यावं, यावर अखेर दोन्हीकडचे राजी झाले. मग माय उठली आणि त्या मुलीकडे बघून म्हणाली, "गेटाखाली बाया कपडे धुतात, पोट्टे पोहतात. हे आपल्या मनानं उघडून राहिलं तं आमाले कसं समजन?"

त्या मुलीनंच सुचवलं, हलण्याआधी भोंगा वाजेल आणि गेट थोडा वेळ थांबेल. वीज गेली तर ते आहे तिथंच राहील, हातानं फिरवायचं चाक कायम चालेल, हेही ठरलं. एक अट माझी होती: पाण्याचा अंदाज लागत नसेल तर गेटनं काहीही करायचं नाही, थांबायचं आणि माणसाला बोलवायचं. त्यासाठी पातळी मोजायला एकाऐवजी दोन तरंगते गोळे घेतले. कॉलेजच्या हौदावर मुलांनी मुद्दाम वीज तोडली, एक गोळा दाबून धरला, भोंग्याची तार काढली. ज्या परीक्षेत गेट नापास झालं, तिथून काम पुन्हा सुरू केलं.

धानाची रोवणी, म्हणजे लावणी, झाल्यावर गेट खऱ्या पाण्यावर चढलं. सगळं गाव जमलं होतं. भोंगा वाजला, गेट थांबलं, मग वर सरकू लागलं. अर्ध्यावर अडलं आणि भोंगा वाजतच राहिला. कोणीतरी म्हणालं, मॅडमचं गेट रुसलं. लोक हसले. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं.

मी पाटात उतरून बघितलं. एक गोळा गवतात अडकला होता. दोन गोळे वेगवेगळं सांगत होते आणि कोणाचं खरं हे गेटला कळत नव्हतं. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. ते बिघडलं नव्हतं. आपण सांगितलं तेच करत होतं. मी लोकांना तसं सांगितलं. काहींच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. माय मात्र मान डोलावत म्हणाली, "समजलं नाई तं थांबलं. मंग बरोबरच केलं."

मुलीनं स्वतः गवत उपसलं, बटण दाबलं, आणि गेट पूर्ण उघडलं. माय पाण्याच्या पुढे पुढे पाटाच्या काठानं चालत निघाली. आमच्या बांधीत पाणी शिरलं तेव्हा ती शेजारणीला म्हणत होती, "हे माह्या पोरीनं केलं." माझ्या विद्यार्थ्यांनी केलं, असं मी सांगितलं. तिनं ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या शेजारणीलाही तेच सांगितलं.

हंगाम संपल्यावर गेट काढायला आम्ही गेलो, तर गावानं काढू दिलं नाही.