वेंडेल टॉर्गर्सनचे मंगळवार

ऑक्टोबर लागला की आमच्या वसाहतीत माणसं परत येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या तक्रारी. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनात होरपळत राहायला आम्हाला काय वेड लागलंय? एप्रिलमध्ये ट्रेलरला, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराला, कुलूप ठोकायचं, आपापल्या थंड गावी जायचं आणि तिकडे पहिला बर्फ पडायच्या आत इकडे पळून यायचं. आल्यावर आधी एसी लावायचा, मग नळ सोडून बघायचा आणि मग लॅपटॉप उघडायचा. आणि लगेच बोंब, "अगं बाई, मेला की हा!"

मेलेला वगैरे काही नसतो. सहा महिने कपाटात पडलेला, तो जरा जड अंगाने उठतो, एवढंच. पण ज्यांनी अख्खी हयात वसंताची वाट बघण्यात घालवली, त्या आमच्या लोकांना पडद्यावरचं ते फिरणारं वर्तुळ दोन मिनिटं बघवत नाही. लगेच लॅपटॉप बगलेत मारून गोल्फकार्टमधून क्लबहाऊसला धावतात, जणू काही बाळंतपणच अडलंय.

क्लबहाऊसमध्ये दर मंगळवारी या रोगावरचे दोन डॉक्टर बसायचे. खिडकीपाशी वेंडेल टॉर्गर्सन आणि पियानोपाशी मर्ना डुफ्रेन. दोघांच्या मधोमध स्वयंपाकघराची खिडकी, आणि तिथे कॉफी ओतणारी मी. त्यामुळे दोन्हीकडचं ज्ञान माझ्या कानांवर फुकटात पडायचं.

वेंडेल नॉर्थ डकोटाचा. जन्मभर त्याने रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायची सरकारी गाडी चालवली. आज सारायचा, उद्या पुन्हा तेवढाच पडलेला, आणि या गृहस्थाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर साफ करायचं काम दिल्यावर दुसरं काय होणार? जिथे मिळेल तिथून त्याने सफाईचे प्रोग्रॅम गोळा केले. एक केर काढणारा, एक लादी पुसणारा, एक अडगळीतला कचरा हुडकणारा, आणि एक तर नुसता बाकीच्यांवर देखरेख करणारा. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ही पलटण इतकी माजली होती, की तो उघडेपर्यंत माझी एक किटली रिकामी व्हायची.

"वेंडेल, डॉक्टरचाच पेशंट का रे एवढा कण्हतोय?" मी विचारायची.

"आत सफाई चाललीये ना," तो अगदी गंभीरपणे सांगायचा.

मर्ना कॅनडातल्या विनिपेगची. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, ताठ कण्याची, कडक इस्त्रीची. तिचं औषध एकच. "पुसून टाक. सगळं पुसून नव्याने टाक. झाडत काय बसायचं?" दोन नवरेही तिने असेच पुसून टाकले होते आणि ट्रेलर तिसरा चालू होता, तेव्हा बाई बोलते तसं वागते यात शंका नाही. तिच्याकडे लॅपटॉप द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी न्यायचा. मिळायचा तो कोरा करकरीत. तुमचे फोटो, तुमच्या पाककृती, नातवंडांची पत्रं, सगळं 'जुनं' नावाच्या फोल्डरात. त्या 'जुनं'मध्ये गेल्या साली केलेलं आणखी एक 'जुनं'. आमच्या बर्निसला तिची लेफ्साची, म्हणजे नॉर्वेकडच्या बटाट्याच्या पोळीची, कृती ख्रिसमस उलटून गेल्यावर सापडली. तोवर तिने आठवणीने केलेल्या लेफ्सा आम्ही खाल्ल्या, आणि त्याबद्दल मी काही न बोललेलं बरं.

तर वसाहतीत दोन तट. झाडणारे आणि पुसणारे. पत्त्यांच्या टेबलावर, पोहायच्या तलावावर, चर्चच्या पायऱ्यांवर सगळीकडे हाच वाद. वर्षभर सफाई केली तर कॉम्प्युटर पळतो, की सगळं उपटून नवं लावलं की पळतो? निवडणुकीला आमच्याकडे एवढं कोणी तोंड उघडत नाही.

मी वेंडेलच्या बाजूची. त्याची विद्या खरी वाटायची म्हणून नव्हे, कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. त्याचं कारण वेगळं. त्याची बायको आर्लीस गेली तेव्हा तो शेजारच्या ट्रेलरमध्ये पडदे ओढून बसला होता. रात्रीच्या जेवणाला दुधात भिजवलेले मक्याचे पोहे. मी हॉटडिशचं, म्हणजे मांस-बटाटे घालून भाजलेल्या जेवणाचं, भांडं पायरीवर ठेवून यायची, ते सकाळी तसंच्या तसं. एकदा मीच माझा अडकलेला लॅपटॉप घेऊन त्याच्या दारावर लाथ मारली आणि म्हटलं, "ऊठ, हे बघ काय झालंय." त्याने काहीतरी सफाईचं चालवलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो होतो. पट्टी अर्ध्यावर आल्यावर तो आर्लीसबद्दल बोलायला लागला. पुढच्या मंगळवारी मी त्याला क्लबहाऊसला आणून बसवलं.

मर्नाकडे लोक लॅपटॉप ठेवून निघून जायचे. वेंडेलकडे पट्टी सरकेपर्यंत बसावं लागायचं. बसलं की कॉफी, कॉफी आली की गुडघे, गुडघ्यांवरून जावई. त्या टेबलाने माणूस जगवला, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी कुणालाही ऐकवीन.

पण तिकडे नॉर्थ डकोटात, फार्गोला, त्याचा मुलगा, कर्टिस. भला मुलगा, नको तितका भला. दर आठवड्याला त्याचा फोन. वेंडेलला ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. "बाबा, तळघर तयार आहे. वेगळी बाथरूम केलीये. ट्रेलर विका आणि या. तिथे एकटे काय करता? तुमचं आहे तरी काय तिथे?"

"मंगळवारी लोक येतात," वेंडेल म्हणायचा.

मग कर्टिस तिकडच्या बर्फाबद्दल सांगायला लागायचा. तळघर पुढच्या आठवड्यावर जायचं.

यंदा समितीला अक्कल सुचली. गोधड्या शिवणाऱ्या बायकांना जागा हवी होती, म्हणून समितीप्रमुख ग्लेनने जाहीर केलं की कॉम्प्युटरचं टेबल यापुढे एकच राहील. कुणाचं, ते स्पर्धा ठरवेल. वसाहतीच्या ऑफिसातले दोन सारखे कॉम्प्युटर, दोन्ही उन्हाळाभर बंद असलेले. शुक्रवारी एकेकाने आपला इलाज करायचा आणि शनिवारी पॅनकेकच्या नाश्त्याला सगळ्यांसमोर चालू करून बघायचं. ग्लेनने तरुणपणी ट्रॅक्टरच्या शर्यतींना पंचगिरी केलेली, त्यामुळे त्याच्या अंगात आलेलंच होतं.

"टेबल गेलं तर कर्टिसला काय सांगू गं, नेडीन?" माझ्यासोबत भांडी पुसता पुसता वेंडेल म्हणाला. "यापुढे काही सांगायला उरणार नाही."

"जाणार कशाला?" मी म्हटलं.

शुक्रवारी मर्नाने संध्याकाळच्या आत काम उरकलं. सगळं पुसलं, डिस्कवरून नवं टाकलं, कीबोर्डवरून फडकं फिरवलं, कॉम्प्युटर बंद केला, वर कव्हर घातलं आणि विजयी मुद्रेने निघून गेली. वेंडेलने आपला कॉम्प्युटर चालू केला आणि खुर्चीत मागे टेकून सुरू व्हायची वाट बघत बसला. मी चुली बंद करून निघाले तेव्हा त्याचे हात पोटावर होते आणि डोळे मिटलेले. म्हटलं, चिंतन चाललंय.

शनिवारी हॉल तुडुंब. लोकांच्या ताटांत पॅनकेक आणि डोळ्यांत रक्त. ग्लेनने शिट्टी मारली. मर्नाचा कॉम्प्युटर सुरू झाला आणि वर्तुळ फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मग पाटी आली, अपडेट चालू आहेत, बंद करू नका. नव्या कोऱ्या कॉम्प्युटरला जन्मापासूनचे सगळे अपडेट घ्यायचे होते, तो काय पळणार? मर्ना त्याच्याकडे अशी बघत होती, की तो माणूस असता तर तिसरा नवरा ठरला असता.

वेंडेलने बटण दाबलं. ग्लेनच्या तोंडातला घास खाली उतरायच्या आत पडदा उजळला. पत्त्यांचा खेळ उघडला, बातम्या उघडल्या, सगळं टकाटक. झाडणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, टेबलं बडवली. मी तर उलथनं नाचवलं. मर्नाचा चेहरा लालबुंद झाला आणि, देवाशपथ, मला बरं वाटलं.

ग्लेनने माइक वेंडेलच्या हातात दिला. मी लांबून खुणावलं, आभार मान आणि बस खाली.

वेंडेलने घसा खाकरला. "मी काही केलं नाही," तो म्हणाला. "काल चालू केला आणि मला झोप लागली. नंतर तसाच घरी गेलो, बंद करायचं विसरलो, नुसता पडदा काळा झाला होता. एकही प्रोग्रॅम चालवला नाही. सहा महिन्यांचं जे काय साचलं होतं, ते त्याने आपलं आपण घेतलं. मर्नाचा तसाच चालू ठेवा, उद्या तोही पळेल. तिचं काही चुकलेलं नाही." मग म्हणाला, "आपण आल्या आल्या घाबरतो आणि लगेच इलाज करतो. दोन दिवस चालू ठेवले, तर आमच्या दोघांचीही गरज नाही, असं मला वाटतं."

झाडणारे पुसणाऱ्यांकडे बघायला लागले. पुसणारे आपापल्या पॅनकेककडे.

"मग दोन्ही टेबलं कशाला हवीत?" ग्लेन म्हणाला. "येत्या मंगळवारनंतर गोधड्यावाल्यांना जागा देऊन टाकू."

स्वयंपाकघरात वेंडेलला गाठून मी फैलावर घेतलं. "डोक्यावर पडलायस का रे? विचारलं होतं कुणी? जिंकला होतास ना, मेल्या!"

"टाळ्या वाजत होत्या, नेडीन," तो म्हणाला. "झोपल्याबद्दल."

"मग घ्यायच्या! लोक त्याहून कमी गोष्टींवर घेतात!" मी ओरडले आणि मला रडू फुटलं. त्याने मला भांडी पुसायचं फडकं दिलं, तेही ओलं.

रविवारी मर्नाचा कॉम्प्युटर खरोखरच पळायला लागला. तिने तो येऊन पाहिला आणि निघून गेली. मंगळवारी दोघंही आपापल्या टेबलावर शेवटचे म्हणून येऊन बसले. वेंडेल खिडकीपाशी, मर्ना पियानोपाशी, मध्ये चिटपाखरू नाही. मी दोघांना कॉफी दिली.

"दुपारी कर्टिसचा फोन येणार आहे," वेंडेल म्हणाला.

"काय सांगणार आहेस?"

"येतो म्हणून."

मी आत जाऊन धुतलेलीच पातेली पुन्हा आदळआपट करत धुतली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि बर्निस फणफणत आत आली. "चालू ठेवा म्हणे! सांगायला काय जातंय? आमच्या गल्लीत वायफाय येतं तरी का? दोन दिवस नुसता गरगरतोय!" तिने वेंडेलच्या टेबलावर लॅपटॉप आपटला आणि वायर भिंतीत खुपसली. "इथलं वायफाय चांगलं आहे, राहू दे इथेच. लक्ष ठेव, कुणाला हात लावू देऊ नकोस."

बर्निसच्या मागून दुसरी, तिच्या मागून तिसरा. वायफायचं गाऱ्हाणं खरंच होतं, शिवाय ट्रेलरमध्ये ज्याचा त्याचा विजेचा मीटर आणि क्लबहाऊसमध्ये वीज वसाहतीची. वेंडेलचं टेबल भरलं, मग मर्नाचं भरलं. वायरी पुरेनात, तेव्हा मर्नाने स्वतः टेबल ढकलत खिडकीपाशी आणलं आणि प्रत्येक लॅपटॉपवर नावाची चिठ्ठी चिकटवायला घेतली. माणसं मात्र ठेवून जाईनात. प्रत्येकाला आपलंच वर्तुळ फिरताना बघायचं होतं. खुर्च्या ओढल्या गेल्या, कॉफी मागितली गेली, कुणीतरी गुडघा काढला. शेवटी ग्लेन आला, स्वतःचा लॅपटॉप बगलेत धरून.

"गोधड्यांचं काय रे?" मी विचारलं.

"समितीच्या बैठकीत बघू," तो म्हणाला आणि रिकामा प्लग शोधायला लागला.

आणि फोन वाजला. स्पीकरवर, नेहमीप्रमाणे.

"बाबा, मग काय ठरलं? कधी येताय?"

"जमत नाही रे," वेंडेल म्हणाला. "काम आहे."

"कसलं काम? पुन्हा ते साफ करायचं?"

"नाही. ते बंद केलं. आता काही करायचं नाहीये. लोकांचे लॅपटॉप चालू आहेत, त्यांच्यापाशी नुसतं बसायचंय."

"बाबा, अहो, ते तर कुणीही करेल!"

"करेल की," वेंडेल म्हणाला. "पण त्यांनी मला सांगितलंय."