डिझेलच्या जीपला दावं

कोहमाऱ्याच्या चौकात गाड्यांमधलं माझ्याइतकं कोणालाच समजत नाही. लोकं मुद्दाम विचारायला येतात. आता माझ्याजवळ लायसन नाही, अन् डोळ्यात मोतीबिंदू असल्यानं समोर जीप आहे का ट्रॅक्टर तेही जवळ आल्यावरच समजते, हे वेगळं!

शाळा सहावीपर्यंतच झाली, पण किस्से पोतंभर जमले. धान चुरताना अंगावर कोंडा बसतो ना, तसे ढाब्यावर बसून बसून किस्से अंगावर बसतात. झटकले तरी जात नाहीत. औंदाचा सारा कोंडा डोमाच्या गाडीचा.

डोमा माझा शेजारी. त्याची जुनी डिझेल जीप नागझिऱ्याच्या एका लॉजवर पाहुणे पोचवते. पावसाळ्यात जंगल बंद झालं अन् लॉजवाल्यानं सांगून टाकलं, "डोमाजी, पाहुण्यांना धूर नको, आवाज नको. जंगलाचं गेट उघडायच्या आत बॅटरीची गाडी घ्या, नाहीतर हायब्रीड. नसंल जमत तर मी दुसरा माणूस पाहतो."

डोमाची झोप उडाली. आमची करमणूक सुरू झाली!

* * *

शोरूमवाला बॅटरीची गाडी दाखवायला चौकात घेऊन आला. आमच्या बब्बूभाई मिस्त्रीनं बोनेट उघडलं, वाकून पाहिलं. तेल नाही, पट्टा नाही, काळं म्हणून काहीच नाही! त्यानं हळूच बोनेट लावलं अन् सवयीनं फडक्याला हात पुसले. हात तर साफच होते.

"क्या हुआ, बब्बूभाई?" मी विचारलं.

"कुछ नहीं चाचा. अपनी दुकान की मय्यत देख ली."

* * *

शोरूमवाला चहा पिऊन राहिला होता, तेवढ्यात मी त्या गाडीच्या खाली बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटी बांधून दिली. डोमा चालवायला बसला अन् गाडी चालली टॉक टॉक, टॉक टॉक! शोरूमवाल्याला घाम. चारही दारं उघडून पाहिली, डिक्की पाहिली. "शपथेवर सांगतो, असा आवाज कधीच येत नाही!"

पुढं रस्त्यात गुरं बसली होती. हॉर्न नाही, काही नाही, टॉक टॉक ऐकून सारी उठून बाजूला झाली. डोमा खुश!

"साहेब, बाकी काही नसलं तरी चालते. हे टॉक टॉक कंपनीतूनच बसून येते ना?"

* * *

मग हायब्रीडची पाळी. शोरूमवाला डोमाच्या बायकोला, सेवंताबाईला समजावून राहिला होता. "ताई, हिला प्लगची कटकटच नाही. ब्रेक मारला की बॅटरी आपोआप थोडी थोडी भरते."

सेवंताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "मंग आमच्या घरी उपाशीच मरंल बिचारी. हे ब्रेक मारतेत कधी?"

* * *

डोमाचं मन बॅटरीवर होतं. अडचण एकच, माणूस विसरभोळा! प्रतापगडच्या यात्रेला सासूला घेऊन गेला अन् तिला तिथंच ठेवून आला. घरी सेवंताबाईनं विचारलं, "आई कुठं?"

"मागच्या सीटवर पाह्य ना!"

म्हातारी अनोळखी लोकांच्या ट्रॅक्टरवर बसून आली. आता डोमाच्या जीपमधे बसली की दर गावाला स्वतःच हात लांबवून हॉर्न वाजवते अन् ओरडते, "मी आहो गा मागं!"

असा माणूस रोज आठवणीनं गाडी चार्जिंगला लावंल?

* * *

सेवंताबाईनं परीक्षा घ्यायची ठरवली. "आठ दिवस या जीपलेच दावं बांधा. एक टोक घरच्या प्लगजवळच्या खिळ्याले, एक टोक डिझेलच्या झाकणाले. रोज सांजच्याले. ज्या दिवशी विसरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी उपाशी. किल्ली माझ्याजवळ. आठ दिवस जमलं तर बॅटरीची घ्या. नाही तर हायब्रीड."

डिझेलची जीप बैलासारखी दाव्याला! सारं गाव पाहून गेलं. पण डोमा सात दिवस चुकला नाही.

आठव्या दिवशी दिवेलागणीला मी हळूच जाऊन दावं सोडून दिलं.

सकाळी डोमा अंगणात डोकं धरून बसला. "मी बांधलो होतो वं... का नोतो बांधलो?"

"झालं. हायब्रीड," सेवंताबाई म्हणाल्या.

मी भिंतीआड पोट धरून हसून राहिलो होतो. हसता हसता आठवलं, आज तर मलाच गोंदियाला जायचं आहे! मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, अन् तेही डोमाच्याच जीपमधून! डॉक्टरची तारीख मोठ्या मुश्किलीनं भेटलेली. बस निघून गेलेली.

"वहिनी, किल्ली द्या ना."

"गाडी उपाशी आहे, भाऊजी."

"अवो, टाकीत डिझेल आहे ना!"

"उपाशी म्हणजे उपाशी."

काय करता? कबूल केलं. "वहिनी, दावं मी सोडलो! डोमानं बराबर बांधलं होतं!"

डोमा उडूनच उठला. "पाह्य वं! मी विसरलो नोतो! आता बॅटरीचीच घेतो!"

सेवंताबाईनं पदराच्या गाठीतून किल्ली काढली. दिली मात्र नाही. माझ्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहून राहिल्या.

"दिवेलागणीले दाव्याची गाठ तुम्हाले बराबर दिसली, भाऊजी. मंग ऑपरेशन कायले करून राहिले?"