लिस्बनपासून वॉर्सा

मुलीला शिकायला लिस्बनला पाठवायचं की नाही, याचा निकाल आमच्या घरी एका वाक्यावर लागला. बायको म्हणाली, "माझी बहीण आहे ना युरोपात." मेहुणी वॉर्साला राहते. मला ते पुरेसं वाटलं.

इथे बहरीनमध्ये कुणी ओळखीचं आजारी पडलं, की रिफाहून डबा घेऊन निघायचं आणि भात निवायच्या आत सलमानियाला हॉस्पिटलात पोचायचं, ही आमची रीत. माणूस जवळ असणं म्हणजे आमच्या लेखी एवढंच अंतर.

मागच्या हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी मुलीचा फोन आला. अपेंडिक्स, संध्याकाळी ऑपरेशन. "डोन्ट पॅनिक, बाबा," म्हणाली, पण आवाज कापत होता.

बायकोने लगेच बहिणीला स्पीकरवर फोन लावला. "अगं, गाडी काढ आणि तिच्याकडे जा. ऑपरेशनच्या आधी पोच. मऊ भात कर थोडा, उद्या लागेल."

"ताई, कुठे जाऊ?"

"लिस्बनला!"

"दाजी आहेत का तिथे? दाजी, सांगा हो हिला. गाडीने तीस तासांच्या वर लागतात. हे काय तुमचं बहरीन आहे, यल्ला, चला म्हटलं की पोचलं?"

मला खरं वाटेना. मोबाइलवर नकाशा उघडला. रस्त्याने तीन हजार तीनशे किलोमीटरांहून जास्त. विमानाने सरळ गेलं तरी जवळजवळ पावणेतीन हजार. बहरीन ते मुंबई चोवीसशेच्या आसपास. म्हणजे आम्ही मुंबईपासून जेवढे लांब, त्याहून ही मावशी आमच्या मुलीपासून लांब होती. मी गाडीचे टायर घ्यायलाही चार दुकानं फिरतो. हे अंतर मात्र आम्हा दोघांपैकी कुणी कधी बघितलंच नव्हतं.

"मग मी जाते," बायको म्हणाली. "आजचं विमान बघा."

"आणि व्हिसा?"

त्याची अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येक दिवस.

फोन चालूच होता. "मला इथून व्हिसा लागत नाही," मेहुणी म्हणाली. "उद्या सकाळचं विमान आहे, चार तासांचं. मी निघते. पण आज तिच्याजवळ कुणी नसेल, हे तिला सांगा."

बायकोने मान फिरवली. मीच फोन केला.

"मावशी उद्या येईल गं. आज जमत नाही. फार लांब आहे ते."

"आय नो, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. सांगितलं असतं तर पाठवलं असतं मला?"

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "आले," असं ती चुकून त्यांनाही मराठीतच म्हणाली आणि फोन बंद झाला.