दर खेपेला एक शब्द

बहिणीच्या केमोसाठी जळगावच्या दवाखान्यात जायचो, तेव्हा भडगावकडच्या एक अक्का शेजारच्या बाकावर असायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलगा त्यांचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेला की त्या पिशवीतून शाळेची वही काढत आणि मला दर खेपेला एकच शब्द विचारत. 'बायोप्सी' झाला, साध्या गाठीसाठीचा 'बिनाइन' झाला. मी सांगितलेला अर्थ तीनदा पुटपुटून मगच लिहीत, मोठ्या, गोल अक्षरांत. एवढा अभ्यास कशासाठी, याचं मला कुतूहल होतं.

एकदा त्यांनी 'मेटास्टॅसिस' विचारला. मी घुटमळलो, मग म्हणालो, "आजार दुसऱ्या अवयवात पोचणं." त्यांनी तोही तीनदा पुटपुटून लिहिला.

"हे कशाला शिकता, अक्का?"

"पोऱ्या घरमा मन्हापुढे इंग्रजी शब्द बोलस, भाऊ. त्याले वाटस, माले काही समजत नही."

मुलगा येताना दिसला, तशी वही पिशवीत गेली.

"काय म्हने डाक्टर?" अक्कांनी विचारलं.

"काही नही, माय. साधी गाठ शे," तो दुसरीकडे बघत म्हणाला.

"मंग चाल, काही खाई ले," अक्का म्हणाल्या. "सकाळपासून उपाशी शेस तू."