रविवारचा घाट

आमच्याकडे रविवार फक्त कॅलेंडरवर लाल असायचा. पिंपरी, चिंचवड, भोसरी या सगळ्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुटी गुरुवारी. गुरुवारी आमचं रहाटणी गाव उशिरा उठायचं. कटिंग, सिनेमा, मुलगी बघायला जाणं, भांडणं मिटवणं, सगळं त्या दिवशी. त्यात गुरुवार दत्ताचा, म्हणजे घरात उपास. हक्काच्या सुटीला मटण शिजत नाही अशी आमच्याएवढी दुर्दैवी माणसं महाराष्ट्रात दुसरी नसतील. शाळेला मात्र रविवारी सुटी. म्हणजे मी घरी असायची तेव्हा अण्णा कामावर, आणि अण्णा घरी असायचे तेव्हा मी शाळेत.

अण्णा म्हणजे माझे वडील. भोसरीला एका लहानशा वर्कशॉपमध्ये फिटर होते. दहा-बारा कामगार आणि एक मालक, एवढाच पसारा. पण आम्ही त्याला कंपनीच म्हणायचो. खाकी शर्ट, सायकल, कॅरिअरला डबा. अण्णांना मिरवायची हौस नव्हती, पण तो शर्ट घातला की त्यांची मान जरा ताठ व्हायची, हे मी पाहिलेलं आहे.

पंचाहत्तरच्या पुढची गोष्ट. माझं लग्न होऊन मी पनवेलला गेले. आमचे हे कचेरीत कारकून. त्यांची सुटी रविवारी, साऱ्या जगासारखी. मला सुरुवातीला ते चमत्कारिकच वाटायचं. लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा मे महिन्यात ह्यांनी मामांची जुनी मोटार मागून आणली आणि लोणावळ्याला दोन दिवस राहायचा बेत केला.

मी म्हटलं, "गुरुवारी रजा काढा. रस्ता मोकळा असतो. रविवारी सगळी मुंबई घाटात असते, आमच्याकडचं कुणी चुकूनसुद्धा जात नाही."

"तुमच्याकडचं सगळं उलटंच," हे म्हणाले. "सुटी रविवारी, तर जायचं रविवारीच."

गर्दी टाळायची ह्यांची स्वतःची युक्ती होती. सगळे लोक पहाटे निघतात, म्हणून आपण पहाटे निघायचं नाही. मुंबईच्या गाड्या नऊ-दहापर्यंत घाट चढून जातात, बाराला लोक जेवायला बसतात, मग झोपतात. भर दुपारी बारा वाजता घाटात कुत्रंसुद्धा नसणार. बोटांवर मोजून त्यांनी मला हे दोनदा समजावलं. मे महिना आहे, ऊन आहे, मोटार म्हातारी आहे, हे त्या युक्तीत कुठेच नव्हतं. मीही बोलले नाही. नव्या संसारात नवऱ्याच्या अकलेवर थोडा विश्वास ठेवावा लागतो.

खोपोली सोडली आणि पहिल्या वळणानंतर गाड्यांची रांग दिसली. सकाळपासून चढणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाड्या तापून कडेला उभ्या होत्या, बॉनेट उघडी, बायका पदराने वारा घेताहेत, मुलं रडताहेत. उरलेला रस्ता ट्रकांनी भरलेला. वरून येणारे खाली येईनात, खालचे वर जाईनात. आम्ही घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत कसेबसे पोचलो. हे खिडकीतून देवाला नाणं टाकायला गेले आणि तेवढ्यात आमच्याही बॉनेटमधून वाफ निघाली.

मी हसले. खरंच हसले, अगदी मोठ्याने. "झोपली वाटतं मुंबई," म्हटलं. हे चिडून खाली उतरले. मीही उतरून कठड्याशी उभी राहिले.

घाटात तेव्हा पाणी घालणारी माणसं असायची. हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात दगड. गाडी थांबली की आधी चाकामागे दगड लावायचा, म्हणजे ती मागे घसरत नाही, मग रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं. लोक त्यांना नावाने हाक मारत नसत. "ए पाणी!" एवढंच. ह्यांनीही तशीच हाक मारली.

एक माणूस वरच्या गाडीकडून खाली आला. डोक्याला आणि अर्ध्या तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. मागच्या चाकाला त्याने दगड लावला, टाचेने दाबून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हँडब्रेक वढा. आता न्हाई जायाची मागं."

आवाज अण्णांचा होता. नाही, असं कसं होईल, आज रविवार आहे, अण्णा भोसरीत मशीनवर असतील. मी शर्टाकडे पाहिलं. तोच खाकी शर्ट. खिशावरचा तो टाका मीच घातलेला होता, लग्नाच्या आदल्या महिन्यात, आणि आईने नावं ठेवली होती इतका वाकडा.

  आई गं, असं ओरडावंसं वाटलं. डोक्यात एकच विचार, ह्यांनी ओळखता कामा नये. जावई आहे. ज्याच्या घरी मुलगी दिली त्याने सासऱ्याला "ए पाणी" म्हणून हाक मारलेली आहे. अण्णांची इज्जत आता माझ्या चेहऱ्यावर अवलंबून होती. मी जर रडले, नुसती दचकले तरी, ती गेली.

अण्णांनी रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकलं. "सरा मागं, वाफ हाय," म्हणाले आणि मान वळवली तेव्हा त्यांना मी दिसले.

 एक ट्रक बाजूने रडतखडत पुढे गेला.

"बाईसाहेब," अण्णा म्हणाले, "उन्हात उभ्या ऱ्हाऊ नका. त्या झाडाखाली सावली हाय."

मी "बरं" म्हटलं. अनोळखी माणसाला म्हणावं तसं, तुटक. आणि खरोखरच जाऊन झाडाखाली उभी राहिले. जन्मदात्या बापाने मला बाईसाहेब म्हटलं आणि मी सावलीत गेले. आजही हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाणी भरलं. अण्णांनी टोपण लावलं, पुन्हा एकदा पिळून पाहिलं. ह्यांनी खिशातून नाणं काढून दिलं, अण्णांनी ते न बघता शर्टाच्या खिशात टाकलं. तोवर वरून कुणीतरी ओरडलंच, "ए पाणी!" आणि अण्णा डबा घेऊन निघाले. अण्णा चालताना डाव्या पायाने जरा लंगडतात हे मला माहीत नव्हतं. कदाचित आधी लंगडत नसतील.

खंडाळ्यापर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, युक्ती फसली म्हणून घुश्शात असतील. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. घाट संपल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"अण्णांनी मला साहेब म्हटलं," हे म्हणाले. "मी काय करायला हवं होतं?"

मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही ओळखलंत?"

"लग्नात त्या हातांनी माझे पाय धुतले. हात नाही ओळखणार?" मग म्हणाले, "टोपण उघडताना ओळखलं. तोवर हाक मारून झाली होती गं."

हे म्हणाले, परत जाऊ. मी म्हटलं, नका, अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. आमचं तिथेच कडाक्याचं भांडण झालं, लग्नानंतरचं पहिलं. शेवटी ह्यांनी मागच्या सीटवरचा जेवणाचा डबा उचलला, मला गाडीत बसवून ठेवलं आणि एक उतरणारा ट्रक थांबवून त्यात चढून गेले.

हे परत आले तेव्हा साडेचार वाजले होते. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हात कोपरापर्यंत काळे. डबा रिकामा होता. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगायला सुरुवात केली, खाली बघत, एकेक वाक्य थांबून थांबून. भोसरीचं वर्कशॉप माझ्या लग्नाच्या चार महिने आधीच बंद पडलं होतं. मालक कुलूप लावून गेला तो गेलाच. सोयरीक मोडू नये म्हणून अण्णा बोलले नाहीत. पुढे सांगायचं राहून गेलं. रोज डबा घेऊन घरातून निघायचं, सायकल स्टेशनवर लावायची आणि लोकल धरायची. बाकीचे दिवस तळेगावला मालधक्क्यावर हमाली, रविवारी घाट. रविवारीच घाट का, तर आपल्या पट्ट्यातलं माणूस त्या दिवशी घाटात येत नाही. कुणी ओळखायची भीती नाही.

माझ्या लग्नाच्या चार महिने आधी. म्हणजे मांडवात अण्णा सगळ्यांना "कंपनीतून रजा मिळत नव्हती राव, लई मुश्किलीनं काढली" असं सांगत फिरत होते तेव्हा कंपनी नव्हतीच.  दार उघडून मी रस्त्याच्या कडेला बसले.

"जेवले का ते?" मी विचारलं.

"जेवले. सगळ्या पोळ्या खाल्ल्या. मी दोन गाड्यांना पाणी घातलं तोवर." ह्यांनी हात फडक्याला पुसले. "गाडीपर्यंत चला म्हटलं, तर नको म्हणाले. म्हणाले, तिनं न्हाई वळखलं मला. बरं झालं. तिला सांगू नका."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली, सांगणार नाही असं कबूल करून आले होते.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं होते. त्या अकरा वर्षांत, त्यांच्यापुरतं, मी त्यांना घाटात कधी पाहिलेलंच नव्हतं.