खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आमचे मालक गेले, त्यांना सुद्धा नाही. लेकीला नाही. नारायणगडावर जाऊन पायरीला डोकं लावलं, तेव्हा मनातल्या मनात निम्मं बोलले अन् निम्मं गिळलं — देवापुढं पण माणूस आवरतंच घेतं, नाही का? तुम्ही ओळखीचे नाहीत. म्हणून तुमच्यापुढं जमेल असं वाटतंय.

आमचं गाव चकलांब्याच्या अंगाला. वर्ष दुष्काळाचं. विहिरी कोरड्या, पाणी टँकरचं, निम्मी जनावरं चारा छावणीत. तरी आम्हा बायांची दूध सोसायटी चालू होती अन् मी तिची चेअरमन. शाळा म्हणाल तर चौथी. गड्यांची सोसायटी कधीच बुडालेली, अन् ते पारावर बसून आमची कधी बुडते त्याची वाट बघायचे. "बाया आन् कॉम्प्युटर! उद्या म्हशीला चष्मा लावतेल!" असं मोठ्यानं म्हणायचे. मी पण सोडत नव्हते. "लावू की, आधी तुमाला लावू, मंग म्हशीला." हसायचे सगळे. मी पण हसायचे. पण लागायचं हो आत.

कॉम्प्युटर दुधाच्या फॅटमशीनला जोडलेला. तो मला कुणी शिकवला नाही, बघून बघून शिकले. बंद पडला की आधी वायर हलवून बघायची. मग दुसऱ्या बोर्डात पिन लावून बघायची. नाहीच झाला तर डबा उघडायचा, आतली मेमरीची पट्टी काढायची, तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासायचं अन् परत दाबून बसवायची. आमच्याकडं फुफाटा एवढा, की बहुतेक वेळा दुखणं तिथंच निघायचं. बाया म्हणायच्या, आक्काच्या हाताला गुण हाय. मला ते लई आवडायचं. आवडायचं म्हणूनच तर — थांबा. आधी मंगलचं सांगते.

मंगल आमच्या गल्लीतली सून. बारावी झालेली, पण दरसाल नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम जोडीच धरतो. पोटाशी असताना डोक्यावर मोळ्या वाहून तिचं दोनदा पडलं होतं, दोन्ही वेळा फडात. त्या साली मीच तिला कॉम्प्युटरवर बसवलं. माझ्याच शब्दावर. अन् पावसाळा कोरडा सरत आला, तेव्हा तिला परत दिवस गेले.

नवऱ्याशिवाय हे तिनं फक्त मला सांगितलं. सासूला सुद्धा नाही. तिसरा महिना सरल्याशिवाय आमच्यात बोलत नाहीत, अन् जिचं दोनदा गेलंय ती तर ओठच उघडत नाही. चहाचा वास आला तरी तिला उमळायचं. सोसायटीचे सेक्रेटरी तेवढे गडीमाणूस; त्यांचा चहा आला की ती काहीतरी निमित्त करून बाहेर जायची, अन् मी मागनं मनात हसायचे. एकदा माझा हात धरून म्हणाली, "आक्का, यंदा ऊस न्हाई. यंदा ह्ये ऱ्हातंय बगा." नवऱ्यानं मुकादमाला तसं सांगून पण टाकलं होतं — यंदा मी एकटाच, अर्धा कोयता.

मग खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. घरोघर कोयते, कुऱ्हाडी, पाभरी धुऊन मांडलेल्या. मी म्हणलं, आपलं हत्यार कोणतं? हेच की! डबा आडवा ठेवून त्यावर हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. सोसायटीचं वर्ष वाईट, म्हणून मी जरा जास्तच मनापासून — नारळाचं पाणी ओंजळीनं शिंपडलं. वरच्या बाजूला जाळी होती. ते मला दिसत होतं का? दिसत होतं. बाया टाळ्या वाजवत होत्या.

दोन-चार दिवस चालला. मग मधेच पडदा गोठायला लागला, आपोआप बंद होऊन परत चालू व्हायला लागला. अन् एका सकाळी चालूच होईना. दिवा लागायचा, पंखा फिरायचा, आतून टूं टूं आवाज, अन् पडदा काळा तो काळाच. मंगल घाबरून मला बोलवायला आली. मी तिला दुधाच्या मापावर धाडलं अन् एकटीनं डबा उघडला.

आत लाल मुंग्या. पट्टीच्या खाचेत अन् खालच्या हिरव्या पाटीवर कुंकवाचा चिखल वाळलेला. बघितल्याबरोबर कळलं. मी काय केलं असेल? पट्टी घासली, बसवली, बटण दाबलं, परत काढली, परत घासली. नाही झाला. मग — मग मी पदराचं टोक ओलं करून सगळं कुंकू पुसलं. मागं राहिला नुसता तपकिरी चिकटा. डबा लावला, स्क्रू आवळले, बाहेर येऊन म्हणाले, "माझ्याच्यानं होत न्हाई, गेवराईचा माणूस बोलवा."

तो आला. सेक्रेटरी होते, पारावरचे दोघं तमाशा बघायला आलेले. त्यानं बोट लावून बघितलं अन् विचारलं, "बोर्ड गेलंय. कायतरी गोड सांडलंय हितं. कुणी सांडलं?"

कुणी काही म्हणायच्या आत मी बोलले. मला कुणी विचारलं सुद्धा नव्हतं. मी म्हणाले, "हितं मंगलच बसती. चहा पेत असती."

मंगल एवढंच म्हणाली, "म्या चहा पेतच न्हाई."

"कावून? सारं गाव पेतंय," सेक्रेटरी म्हणाले. पारावरचे हसले.

तिनं माझ्याकडं बघितलं. एवढ्या गड्यांपुढं ती काय सांगणार होती — चहा का चालत नाही ते? तिथं ते सांगू शकणारी एकच बाई होती. मी टेबलावरचे स्क्रू एका जागी गोळा करत बसले.

तिला काढायच्या ठरावावर चेअरमन म्हणून सही माझी. दिवाळी झाली अन् मुकादमाची गाडी गल्लीत आली. अर्धा कोयता परत पुरा झाला. मंगल गोणपाटं अन् भांड्यांचं गाठोडं घेऊन मागं चढली. मी दारात उभी होते. गाडी वळेपर्यंत सुद्धा मला हाक मारता आली असती. अजून तेव्हा उशीर झाला नव्हता, हे मला तेव्हाच कळत होतं.

संक्रांतीनंतर निरोप आला. फडातच गेलं. मुलगी होती म्हणे. त्यानंतर मंगलला परत दिवस गेले नाहीत.

नवा कॉम्प्युटर आला. सोसायटी तरली. आता तर तिचं मोठं नाव आहे, अन् सत्काराला मलाच बोलावतात. जाते मी. शाल घेते.

त्या दिवशी मी खोटं बोलले, हे मंगलला तिथंच कळलं होतं. कशापायी बोलले, ते तिला अजून माहीत नाही. तिनं विचारलं नाही. वाटेत भेटली की थांबते, मला आधी जाऊ देते. आक्का म्हणते.

गाव म्हणतं, तिचं लेकरू उसानं नेलं. उसानं नाही. मी नेलं.