मामीला दोन पत्रिका

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या. बाकीचे बाप अशा वेळी वही घेऊन बसतात. मी लोहाऱ्याच्या एका कारखान्यात डेटाबेस सांभाळतो, म्हणून पाहुण्यांचाही डेटाबेस केला. बायको म्हणाली, "लगीन पोरीचं हाये, हौस तुमची."

टेबलात फक्त माणूस, त्याचे आईबाप आणि जोडीदार भरायचे. माझं त्याच्याशी नातं काय, ते क्वेरीनं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न टाकून, काढायचं. जे हिशोबानं निघतं ते साठवू नये, असं मी ऑफिसात फार ऐटीत सांगत असतो. त्या नात्यावरूनच पत्रिकेवरचा मायना छापला जाणार होता.

छापून पाहिलं तर दारव्ह्याची मामी दोनदा. एकदा 'मामी', एकदा 'सासूबाई'. चूक कुठंच नव्हती. आमच्याकडे मामाची पोरगी करतात, मीही केली.

लहानपणीच्या सुट्ट्या मामीकडेच गेल्या. हात न धुता ताटावर बसलो की पाठीत धपाटा, आणि मग गरम भाकरीवर तेल-तिखट. माझं लग्न झालं आणि तीच मामी डोक्यावर पदर घेऊन "घ्या जावईबापू" म्हणत पाणी पुढं करू लागली. बायको मिळाली, मामी गेली. ती परत यावी म्हणून मी कितीदा तरी मुद्दाम हात न धुता जेवायला बसलो. तिनं मुकाट्यानं तांब्या आणून दिला.

"सासूबाई ठेवा, मामी काढा," बायको म्हणाली. "जवळचं नातं तेच ना?"

यादीतून काढली. पुन्हा छापलं तर मामी हजर. नातं साठवलेलं असतं तर पुसलं गेलं असतं. हे दर वेळी नव्यानं निघत होतं. क्वेरीत एक अट घातली असती तर भागलं असतं. नाही घातली. दोन्ही पत्रिका दारव्ह्याला गेल्या.

मग तिचा फोन आला. "जावईबापू, पत्रिका दोन आल्या."

"हो. एक जावयाची, एक भाच्याची."

पलीकडे आवाज चढला. "काहून रे, डोकं ठिकाणावर हाये का तुह्यं? कागद फुकट येते काय?"

"नाही मामी."

"सासूची पत्रिका शेजारणीले देऊन टाकतो मंग. तिले बलावनं राह्यलंच असन तुह्यं."

"देऊन टाक," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तिला अहोजाहो करायचं माझ्याही ध्यानात राहिलं नाही.